पार्सलातला बाप्पा

“सौ. बाईंस सप्रेम नमस्कार. आपण पाठविलेला गणपती काल पोचला. मात्र त्याची सोंड पोचली नाही. ती मागाहून येत आहे काय?”

ग्वाल्हेरच्या एका आजोबांचे हे पत्र मी अजून जपून ठेवले आहे. ते वाचून आमचे ‘हे’ पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. चतुर्थी नऊ दिवसांवर आली होती, आजोबांच्या घरी तीन पिढ्यांची पूजा होती आणि त्यांचा गणपती सोंडेवाचून पाटावर बसला होता.

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी आमच्या गॅलरीतल्या कबुतरांची कथा सांगितली होती. तिच्यात ‘गणपतीची खोकी’ असा ओझरता उल्लेख आला होता. तेवढ्यावरून कितीतरी वाचकांनी विचारले, “बाई, ही खोकी कसली?” तेव्हा यंदा खोक्यांचीच गोष्ट.

आमचे घर ठाण्याला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि वर सांगितलेली ती गॅलरी. २०१३ साली मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला गेली आणि श्रावणात तिचा फोन आला, “आई, इथे गणपती मिळतात गं, पण त्यांचे डोळे आपल्यासारखे नाहीत.” तिथल्या मूर्तिकारांचा हात कमी नव्हता. पण लहानपणापासून ज्या डोळ्यांकडे पाहून हात जोडले, तेच डोळे माणसाला हवेसे वाटतात. ते डोळे पेणचे. मी पेणला गेले, नऊ इंची शाडूची मूर्ती घेतली आणि रात्रभर मांडीवर धरून बंगळूरला पोचवली. पुढच्या वर्षी मुलीच्या शेजारच्या तीन मराठी कुटुंबांनी विचारले. त्याच्या पुढच्या वर्षी इंदूर आले, बडोदे आले, हैदराबाद आले. मांडी एकच होती. तेव्हा खोकी आली, आणि खोक्यांबरोबर धंदा आला. धंदा म्हणजे किती? वर्षाला शंभर-सव्वाशे मूर्ती. मोठ्या दुकानदाराच्या एका फळीवर मावतील एवढ्या.

मूर्ती घडवणाऱ्या गृहस्थांनी आपले नाव छापायचे नाही असे मला बजावले आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पेण गावापासून थोडे दूर, हमरापूर-जोह्याच्या बाजूला त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हटले की तुमच्यापुढे भोंगा नि धुराडे उभे राहील. पण पेणच्या बाजूला गणपतीचा कारखाना म्हणजे पत्र्याची पडवी, चार माणसे, आणि दाटीवाटीने मांडलेले गणपतीच गणपती. पापड नि पोह्यांसाठी पेण प्रसिद्ध आहेच, पण गणपतीसाठी त्याचे नाव त्याहून दूरवर गेलेले आहे. दिव्याहून पेणच्या गाडीत बसावे आणि उतरल्यावर रिक्षा करावी, की अर्ध्या तासात आपण या गणांच्या गावी.

पहिल्या वर्षी मला वाटले होते, माती साच्यात दाबली की गणपती तयार. नानांच्या कारखान्यात दोन दिवस बसले आणि माझा समज पालटला. शाडू मुळी इथला नव्हे. तो येतो गुजरातेतून, भावनगरकडून, गोण्यांत भरून. तो भिजवायचा, मळायचा, त्यात काथ्याचे तंतू घालायचे म्हणजे माती माती धरून राहते. साच्याच्या दोन अर्धांत ती दाबायची, अर्धे जुळवायचे, मग हात नि कान वेगळे बसवायचे. पुढे मूर्ती सावलीत सुकू द्यायची. उन्हात ठेवली की ती तडकते, आणि पावसाळ्यात ती सुकता सुकत नाही. सुकली की बायका ओल्या कुंचल्याने नि काचकागदाने तिच्या अंगावरून हात फिरवतात. मग पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, सोनेरी. आणि सगळ्यांच्या शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी नाना स्वतः करतात, आणि त्या वेळी कारखान्यात कुणी बोलत नाही.

त्या ग्वाल्हेरच्या सोंडेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. नानांनी त्याच दिवशी दुसरी मूर्ती काढून दिली आणि माझा भाचा ती कल्याणहून पंजाब मेलने मांडीवर घेऊन ग्वाल्हेरला गेला. आजोबांनी त्याला तीन दिवस जेवायला ठेवून घेतले. फुटलेल्या मूर्तीचे पैसे नानांनी घेतले नाहीत. “राहू द्या वहिनी,” म्हणाले. मीही फारसा आग्रह केला नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते मला नडणार आहे.

तर सोंड. शाडूची मूर्ती जड असते आणि नाजूकही. प्लास्टरची हलकी, टणक, हमालाने आपटली तरी पुष्कळदा हसत उठणारी. शाडूला असे आपटून घेणे सोसत नाही. सोंड, कान, वर उचललेला हात आणि हातातला अंकुश, एवढ्या जागी ती हमखास दगा देते. मी नानांना म्हटले, “नाना, पार्सलात बसणारा गणपती करून द्या.” नाना दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवा नमुना पुढे ठेवला. कान मागच्या लोडाला टेकलेले, सोंड पोटावर विसावलेली, आशीर्वादाचा हात छातीशी आलेला, उंदीर पायाशी बिलगलेला, आणि अंकुश-पाश सुटे, वेगळ्या पुडीत. “लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस कसा अंग आवरून बसतो,” नाना म्हणाले, “तसा बसवलाय.”

खोके कितपत टिकते ते पाहायचे होते. एक कच्ची मूर्ती चिरली होती, तीच नानांनी दिली आणि टेबलावरून टाकून बघा म्हणाले. माझा हात उचलेना. “अहो, गणपती कसा टाकू?”

“अजून त्याचे डोळे कुठे आखलेत, वहिनी? आणि डोळे आखले म्हणून काय झालं? तुमच्या घरी पाटावर बसून प्राणप्रतिष्ठा होईस्तोवर ती मातीच. टाका बिनघोर.”

आमच्या गुरुजींनीही पुढे हेच सांगितले. प्रतिष्ठेआधी मूर्ती भंगली तर दोष नाही. ती पाण्यात सोडावी आणि दुसरी आणावी. त्या एका वाक्याने माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या घरच्या आजीबाई शांत झाल्या आहेत.

खोके टाकले. एकदा, दोनदा, सात वेळा. पहिल्यांदा भाताचा पेंढा भरून, मग कागदाच्या कातरणांत, मग खोक्यात खोके घालून. पेंढा सर्वांत चांगला निघाला, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशांत पेंढ्याचे वेष्टन चालत नाही; त्यातून कीड जाईल अशी त्यांना भीती. परदेशी लाकडी पेटी पाठवायची तर ते लाकूड कीडमुक्त केल्याचा छाप हवा. तेव्हा आमच्याकडे दुहेरी पुठ्ठा आणि कातरणे. वर ‘नाजूक, सांभाळा’ अशी लाल चिठ्ठी इंग्रजीत लावून पाहिली. कुणी लक्ष दिले नाही. मग माझ्या भाच्याने मोठ्या अक्षरांत मराठीत नि हिंदीत लिहिले, ‘आत गणपती बसले आहेत’. तेव्हापासून फूट निम्म्यावर आली. स्टेशनावर एका हमालाला ते खोके उतरवून आधी कपाळाला हात लावताना मी स्वतः पाहिले आहे.

याच भाच्याने एक दिवस मला सांगितले, “मावशी, तू करतेस ना, त्याला ‘फेअर ट्रेड’ म्हणतात.” मी म्हटले, असेल बापडे. मग त्याने सारी कथा सांगितली. १९४६ साली एड्ना रूथ बायलर नावाची एक अमेरिकन बाई प्वेर्तो रिकोला गेली. तिथल्या बायकांचे सुंदर भरतकाम तिने पाहिले, त्यांचे दारिद्र्यही पाहिले. घरी परतल्यावर मोटारीच्या डिकीत ते भरतकाम घालून ती ओळखीपाळखीत विकू लागली आणि आलेले पैसे त्या बायकांकडे पोचवू लागली. त्या डिकीतून पुढे मोठी संस्था उभी राहिली, आणि आज अशा व्यापाराची जगभर पसरलेली संघटना आहे, तिचे नियम आहेत. कारागिराला रास्त भाव द्यावा, मागणीबरोबर त्याने मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, बालमजुरी नको, बाईला पुरुषाइतकीच मजुरी हवी, वगैरे वगैरे.

मी खूश झाले. यातले बरेचसे मी आधीच करत होते! नानांच्या धंद्यातली खरी गोम मला पहिल्याच वर्षी कळली होती. खर्च बारा महिने, आवक एकाच महिन्यात. दिवाळीपासून मातीचे पैसे, रंगाचे पैसे, दर शनिवारी बायकांची मजुरी. आणि मूर्तींचे पैसे दिसायचे ते थेट श्रावण-भाद्रपदात. मधले नऊ महिने काढायचे कसे? तर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. उचल घेतली की भाव ठरवणे व्यापाऱ्याच्या हाती. तो म्हणेल ती किंमत, तो म्हणेल ती तारीख. म्हणून मी उचल देत नसे, विसार देत असे. दोन्हींत पैसे आधीच द्यायचे; पण उचल घेणाऱ्याला बांधते, विसार देणाऱ्याला. एवढे बारीक अंतर आपल्या भाषेने आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे.

मी लगेच खोक्यांवर शिक्का मारून घेतला, ‘न्याय्य व्यापार’. जांभळ्या शाईत. आमचे हे म्हणाले, “शिक्का जरा लहान केला असता तरी चालले असते.” निवृत्त बँकेचे माणूस, शिक्क्यांचे मोल त्यांना ठाऊक. मी लक्ष दिले नाही.

मग २०२० साल आले.

त्या वर्षी पाडव्यालाच मी नानांना एकशेवीस मूर्तींचा विसार देऊन ठेवला होता. मूर्तीला आठशे, त्यातले निम्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. मार्चअखेर टाळेबंदी लागली. गाड्या बंद, गावे बंद. गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, “यंदा जमेल असे वाटत नाही, पगार निम्मा झालाय.” बघता बघता तीस मागण्या रद्द झाल्या. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले.

टीव्हीवर उडणारे पत्रे दिसत होते, मोडून पडलेल्या नारळी-पोफळी दिसत होत्या. नानांचा फोन लागत नव्हता. त्या भागात वीज नव्हती, फोनचे मनोरेही बंद पडले होते. पाचव्या दिवशी एकदाची घंटी वाजली, नानांचा आवाज आला, आणि मी काय विचारावे?

“नाना, मूर्ती किती राहिल्या?”

वाचकहो, हे लिहिताना आजही माझे कान तापतात. पाच दिवस त्या घराची खबर नव्हती. घरात म्हातारी आई होती, दोन नातवंडे होती. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग नाना म्हणाले, “माणसं सगळी हायेत, वहिनी. पडवीचे पत्रे गेले. रंगवलेल्या अठ्ठावीस आतल्या खोलीत होत्या, त्या वाचल्या. बाकीच्या कच्च्या होत्या, ब्याण्णव. त्यांचा चिखल झाला.”

मला काही सुचेना. तेच पुढे म्हणाले, “पण माती कुठे गेली? आहे इथंच. शाडू हाय तो, प्लास्टर नव्हे. गोळा केलाय. पुन्हा मळतो, पुन्हा काढतो.”

ही शाडूची थोरवी. प्लास्टर एकदा घट्ट झाले की त्याची पुन्हा मूर्ती होत नाही. कच्चा शाडू पाण्यात विरघळतो आणि विरघळला तरी शाडूच राहतो. त्याच मातीतून पुन्हा सोंड उगवते, पुन्हा पोट, पुन्हा कान. घरच्या बादलीत विसर्जन करून ती माती तुळशीच्या कुंडीत घालणारी कितीतरी कुटुंबे आज आहेत. २०२० सालीच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्या सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला नि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला दिली नाही. प्लास्टरवर पेणच्या बाजूच्या हजारो माणसांचे पोट आहे, तेव्हा मी कुणाला नावे ठेवणार नाही. पण त्या जूनमध्ये मला शाडूचे जे कौतुक वाटले, ते काही वेगळेच.

कौतुकाच्या भरात मी एक गोष्ट विसरले. ती सांगते.

नानांनी बासष्ट मूर्ती पुन्हा केल्या. भर पावसाळ्यात, पंख्यासमोर नि दिव्यांच्या उबेवर सुकवून. अठ्ठावीस नि बासष्ट मिळून नव्वद, मला हव्या होत्या तेवढ्या. त्या वर्षी २२ ऑगस्टला चतुर्थी होती. नव्वद घरी गणपती वेळेवर बसले. मी हिशेब केला. नव्वद मूर्ती, आठशेप्रमाणे बहात्तर हजार. अठ्ठेचाळीस हजार आधी दिलेले. राहिले चोवीस हजार. ते पाठवले, आणि अगदी चोख व्यवहार झाल्याच्या समाधानात शांत झोपले.

गाड्या सुरू झाल्यावर मी पेणला गेले. नाना बाहेर गेले होते. काकूंनी चहा टाकला. मी सहज फळीवरची मजुरीची वही उघडली. चार बायकांची नावे. पुढे फेब्रुवारी ते मे अशी कच्च्या कामाची मजुरी मांडलेली, मूर्तीला एकशेऐंशी. आणि जूनपासून एक नवा रकाना. वर नानांच्या मोठ्या, कलत्या अक्षरात एकच शब्द होता, ‘पुन्हा’.

बासष्ट मूर्ती, एकशेऐंशीप्रमाणे. अकरा हजार एकशेसाठ.

“काकू, हे कुठून दिलेत?”

“पतपेढीतून काढले. बायांना कसं सांगणार, की बयांनो, मागचं केलेलं वाहून गेलं, आता फुकट करा? त्यांनी तर हात चालवलेच होते.”

मातीचे पैसे दुसऱ्यांदा पडले नाहीत, कारण माती परत मिळाली होती. हातांचे पैसे मात्र दुसऱ्यांदा पडले. कारण कष्ट काही चिखलातून गोळा करता येत नाहीत. हे एवढे साधे गणित मला, जांभळा शिक्का मारणाऱ्या बाईला, सुचले नव्हते. मी वादळाचा सारा तोटा नानांच्या पडवीत सोडून आले होते. वर गिऱ्हाइकांनी रद्द केलेल्या तीस मूर्तींचा विसार, बारा हजार, तोही हळूच वळता करून घेतला होता. म्हणजे माझा विसार मला बांधत नव्हता. ती उचलच होती, नाव तेवढे गोड.

नानांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. तक्रार करण्याइतका आपला हक्क आहे असे त्यांना वाटलेच नसावे. मला ग्वाल्हेरची सोंड आठवली. “राहू द्या वहिनी.” आणि मी राहू दिले होते.

घरी येऊन आमच्या ह्यांच्यापुढे वही मांडली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, “तुझा हिशेब बरोबर आहे. चूक हिशेबात नाही, करारात आहे.”

तेवीस हजार एकशेसाठ रुपये माझ्या ठेवीतून काढले आणि त्या दिवाळीच्या आत पेणला पोचवले. नाना घेईनात. शेवटी काकूंनी घेतले आणि आत नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवले. मग आम्ही चौघे, पडवीच्या नव्या पत्र्याखाली बसून, नवा करार करायला लागलो. गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली तरी विसार परत मागायचा नाही. मूर्ती नानांच्या उंबऱ्याबाहेर पडली की तिची फूट माझी. आत असताना आभाळ कोसळले तर नुकसान निम्मे-निम्मे. आणि बायकांची मजुरी किती, ते दर वर्षी आधी बोलायचे, त्यांच्यासमोर. यातल्या एकीने त्या दिवशी प्रथमच तोंड उघडले. “आम्हाला विचारता, तर सांगते,” ती म्हणाली, “शनिवारची मजुरी शनिवारीच द्या. सोमवारी दिली तर रविवारचा बाजार उधारीवर होतो.” माझ्या भाच्याने सांगितलेल्या नियमांत हे कलम नव्हते.

पण निम्मे नुकसान सोसायचे तर पैसे हवेत. ते आणायचे कुठून? किंमत वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पुढच्या वर्षी मी सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहिले. वादळाची गोष्ट सांगितली, ‘पुन्हा’ या रकान्याची सांगितली, माझी चूकही सांगितली, आणि मूर्तीमागे शंभर रुपये तुटफूट निधीसाठी ज्यादा पडतील असे कळवले. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जाते. अलीकडच्या नऊ इंची मूर्तीची चिठ्ठी अशी आहे:

मूर्तिकार व कामगार, रु. १,०००. खोके व वेष्टन, रु. २००. वाहतूक, रु. ३००. फोन, जाणे-येणे, घरखर्च, रु. १५०. तुटफूट, रु. १००. शिल्लक, रु. ५०. एकूण रु. १,८००.

चिठ्ठीवरून उत्तरे आली, सगळीच गोड नव्हती. एका बाईंनी लिहिले, “कोपऱ्यावर सहाशेला मिळते.” मी उत्तर दिले, जरूर घ्या, फक्त ती कशाची आहे ते विचारून घ्या. एका गृहस्थांनी विचारले, “देवाच्या कामात पन्नास रुपये नफा घेता, मनाला काही वाटत नाही?” त्यांना लिहिले की वाटते, पण नफा मुळीच घेतला नाही तर माझ्यामागून हे काम कुणी करणार नाही, आणि मग नानांना पुन्हा उचल घ्यावी लागेल. फुकटातली सेवा फार दिवस टिकत नाही, हे मी पुष्कळ मंडळांत पाहिले आहे. चौदा घरे त्या वर्षी गळली. नऊ पुढे परत आली.

आणि ग्वाल्हेरहून पत्र आले. “सौ. बाईंस सप्रेम नमस्कार. हिशेब पाहिला. आयुष्यभर शाळेत गणित शिकविले, पण मूर्ती घेताना हा हिशेब कधी मनात आला नाही. सोबत शंभराऐवजी पाचशे पाठवीत आहे. चार वर्षांपूर्वीची सोंड माझ्या नावे धरावी.”

त्या पैशांची पावती मी ‘सोंड’ या खात्यावर फाडली. आमच्या ह्यांनी त्यावर सहीसुद्धा केली.

शिक्का मी अजून मारते. पण आता तो लहान केला आहे, नि खोक्याच्या आतल्या बाजूला असतो. बाहेर फक्त ‘आत गणपती बसले आहेत’ एवढेच.

हे लिहीत असताना बाहेर आकाशकंदिलांची खटपट चालली आहे. परवा पाडवा. व्यापारी लोक वहीपूजन करतील. आमच्याकडेही एक वही पुजली जाते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि त्याखाली पहिली रक्कम, पुढच्या चतुर्थीच्या मूर्तींचा विसार. तुमच्या घरी चकल्या तळल्या जात असतील तेव्हा पेणला मातीच्या गोणी उतरत असतील. पुढच्या भाद्रपदात तुमच्या पाटावर बसणारा बाप्पा आजच कुठेतरी गोणीत बसला आहे, आणि त्याला घडवणाऱ्या हातांना पहिला शनिवार येत्या आठवड्यातच यायचा आहे.

तेव्हा एवढेच मागणे. मूर्ती माझ्याकडून घेऊ नका हवी तर, जागाही नाही गॅलरीत. पण जिथून घ्याल तिथे, भाव करण्याआधी, दुकानदाराला एक प्रश्न विचारा, “घडवणाऱ्याला पैसे कधी मिळाले?” उत्तर नाही आले तरी चालेल. प्रश्न चारचौघांत विचारला गेला की तो पेणपर्यंत आपल्या पायांनी चालत जातो.

आणि कधी वादळानंतर कुणाचा फोन लागलाच, तर आधी माणसांची चौकशी करा. मूर्तींची नंतर.